हिरवा मणी

बांबरवाडीत कडं आलं ते घटस्थापनेच्या सकाळी, आणि त्याला तसंच कारण होतं. सरकारचं पत्र भाद्रपदातच आलं होतं. दसऱ्याच्या आत गावातल्या प्रत्येक सज्ञान माणसाच्या मनगटावर कडं बसलं पाहिजे, असा त्यात हुकूम होता. पण तेव्हा पितरांचा पंधरवडा चालू होता. त्या दिवसांत बांबरवाडीची बाई नवी बांगडी भरत नाही, मग ही सरकारी बांगडी कोण भरून घेणार? गावची आशासेविका प्रणिता घाडगे घरोघर फिरून थकली. बायका तिला चहा द्यायच्या, कड्याचं तोंडभर कौतुक करायच्या आणि म्हणायच्या, घट बसू दे बाई, पहिल्या माळेला घालू, चांगला दिवस हाय.

तशीच घातली. एका दिवसात दोनशे बारा बायका. तालुक्यात सगळ्यांत आधी काम पुरं झालं ते बांबरवाडीचं, आणि प्रणिताला प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं चौकटीत घालून सोप्यात लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बेतानं.

कडं दिसायला साधं होतं. राखाडी पट्टी आणि तिच्यावर एक मणी. आतल्या बाजूनं ते कातडीवर बारीक उजेड टाकायचं, घामाची चव घ्यायचं आणि त्यावरून नाडी, रक्तदाब, साखर, अंगातलं पाणी, झोप, सगळं ओळखायचं. मणी हिरवा असला तर ठीक. पिवळा झाला तर दवाखान्याची वेळ आपोआप मिळायची. लाल झाला तर रुग्णवाहिका न बोलावता निघायची. एवढ्यात नवल नव्हतं, तशी यंत्रं आधीही होती. पण ती सगळ्या जगाला एकच माप लावायची. पैलवानाची नाडी मुळातच संथ असते, ती बघून बोंब मारायची, आणि खरोखर आजारी पडलेल्या माणसाकडे ढुंकूनही बघायची नाहीत. या कड्याला वेगळं शिकवलं होतं. माणसाला दुसऱ्याच्या मापानं मोजू नकोस, त्याच्या स्वतःच्या मापानं मोज. म्हणून पहिले नऊ दिवस ते काही बोलत नसे. नुसतं बघत असे आणि त्या माणसाचा तळ ठरवत असे. तब्येत ठीक असताना या अंगातली साखर, या अंगातला दाब कुठपर्यंत खाली जातो, ती खालची रेघ. पुढं कधी अंग त्या रेघेच्या खाली उतरलं की मणी रंग बदलायचा. वरची रेघ सगळ्यांना सारखी, वैद्यकाच्या पुस्तकातली. खालची ज्याची त्याची.

डॉक्टर कमी आणि रांगा मोठ्या, त्यामुळे तालुक्याचं सरकारी रुग्णालय आता हिरव्या मण्याला दार उघडत नव्हतं. बाजाराच्या दिवशी गावात येऊन बसणाऱ्या खाजगी डॉक्टरांनीही गाशा गुंडाळला, कारण हिरवा मणी हातात असताना त्यांच्याकडे जाणार कोण? आणि लोकांना ते पटलंही होतं. पहिल्याच थंडीत धोंडिबा साळुंखे बांधावर बसला असताना त्याचा मणी लाल झाला होता, आणि छातीत दुखतंय हे त्याला कळायच्या आत गाडी दारात उभी होती. म्हातारा अजून तंबाखू मळत ती गोष्ट सांगतो.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बांबरवाडीच्या बायका टेकावरच्या जानाईचं नवरात्र धरतात, आणि ते अळणी असतं. नऊ दिवस धान्य नाही आणि मिठाचा कणही नाही. दिवसातून एकदा दूध, एखादं केळं, गुळातलं रताळं. कडं घालताना फोनवर दहा प्रश्न भरायचे होते. सहावा होता, आहार नेहमीसारखा चालू आहे का? प्रणितानं तो पहिल्यांदा पारूबाईला विचारला. पारूबाई म्हणाली, "व्हय की. दरसाली नवरात्रात घेतो तेच." प्रणिता स्वतःही उपाशीच होती, आणि पारूबाईच्या उत्तरात तिला काही वावगं दिसलं नाही. तिनं 'हो' दाबलं. पुढच्या दोनशे अकरा जणींना तिनं तो प्रश्न विचारलाही नाही.

वैजयंता ही प्रणिताची थोरली जाऊ. वय सेहेचाळीस, हाडापेरानं मजबूत, भाताचा भारा एकटीनं डोक्यावर घेणारी. लग्न होऊन आल्यापासून प्रणिता तिला अक्का म्हणत आली. दोघींत फार गोडवा होता असं नाही, पण भांड्याला भांडं लागण्यापलीकडे भांडणही नव्हतं.

पुढच्या आषाढात, लावणीच्या ऐन धांदलीत, वैजयंता बांधावर बसायला लागली. उठताना डोळ्यांपुढं काळोखी येते म्हणायची. चोळ्या सैल झाल्या. रंग काळवंडला, तो सासूनं उन्हावर ढकलला. जेवताना मात्र तिला लोणच्याचा खार लागायचा, भातावर, भाकरीवर, नुसता वाटीतसुद्धा. या वयात डोहाळे लागले की काय, असं म्हणून सासूनं तिला हसण्यावारीही नेलं.

"मला बरं वाटत न्हाई," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिच्या मनगटाकडे बघितलं. मणी हिरवागार. तिचा नवरा, ज्याला घरात सगळे तात्या म्हणत, तो काही वाईट माणूस नव्हता. मणी पिवळा दिसता तर तो हातातलं काम टाकून तिला तालुक्याला घेऊन गेला असता. त्यानं दोनदा बघितलं, खात्री केली आणि तो शेतावर गेला. सासू म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ठणठणीत हाय की." त्यानंतर वैजयंता जेव्हा जेव्हा बसायची तेव्हा कुणी ना कुणी तिच्या मण्याकडे बघायचं. श्रावण सरेपर्यंत तिनं बोलणंच सोडलं.

प्रणिताला यातलं काही कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. आजारी माणूस कसं दिसतं ते ओळखण्यात तिची दहा वर्षं गेली होती. पण अक्का बसली की तिचं काम प्रणितावर पडायचं, आणि पाठ मोडेस्तोवर रोपं लावताना माणसाच्या मनात चांगले विचार येत नाहीत. अक्का अंग राखतेय, असं तिला वाटे. मणी तेच सांगत होता, त्यामुळे असं वाटल्याचा अपराधही वाटत नसे. शिवाय तिचे हातही बांधलेले होते. मणी हिरवा असला तरी रुग्णाला तपासा, अशी शिफारस करायचा हक्क सेविकेला होता. पण वर्षात दोन शिफारशी निराधार ठरल्या की तो हक्क वर्षभर गोठायचा. वैशाखात तिनं दोन बायकांना असं पाठवलं होतं. डॉक्टरनं पडद्यावर त्यांचा तळ बघितला, आजचे आकडे बघितले, दोन्ही जुळले, आणि दोघींना परत पाठवलं. झालं, हक्क गोठला.

मग यंदाचे घट बसले.

दुसऱ्या माळेला प्रणिता गूळ काढायला कोठीच्या खोलीत गेली, तर वैजयंता पोत्यांच्या आडोशाला पाठमोरी बसलेली. तळहातावर खडेमीठ होतं. ती एकेक खडा जिभेवर ठेवत होती आणि डोळे मिटून घेत होती.

"अक्का, हे काय?"

वैजयंतानं मूठ मिटली. "जीभ मागती गं. मीठ न्हाई लागलं की हातापायातलं बळच जातंय."

"सगळ्या गावाला नऊ दिवस जमतंय. तुम्हालाच कसं जमत न्हाई?" प्रणिताचं पोट रिकामं होतं आणि डोकं तापलेलं. "मणी बघा की तुमचा."

वैजयंतानं खरंच मण्याकडे बघितलं. मग तिनं मूठ उघडून पुढं केली. प्रणितानं ते मीठ घेतलं आणि बरणीत परत टाकलं. कमरेला खोचलेली मिठाची पुरचुंडी मागितली, तीही तिनं काढून दिली. सासूनं पाहिलं असतं तर नवरात्रात घरात रणकंदन झालं असतं, म्हणून आपण हे केलं, असं प्रणितानं स्वतःला सांगितलं. वैजयंतानं तळहात पदराला पुसला आणि ती भिंतीचा आधार घेत उठली.

पाचव्या माळेला सकाळी साळुंख्यांच्या घरून बोलावणं आलं. धोंडिबाची नातसून ऋतुजा, वैशाखात पिंपरीहून लग्न होऊन आलेली, चोवीस वर्षांची धडधाकट पोरगी. तिचा मणी पिवळा झाला होता. दुपारी तीनची वेळही फोनवर आली होती. अंगणात चार बायका जमल्या होत्या आणि तिची थट्टा चालली होती. शहरची लेक, तिला कुठला झेपतोय आमच्या आईचा उपास. अडुसष्ट वर्षांची पारूबाई, वाळून काटक झालेली, स्वतःचं मनगट नाचवून दाखवत होती. तिचा मणी हिरवा होता.

प्रणिताही हसली. मग तिचं हसू ओसरलं. उपास दोघींचा एकच, दिवस दोघींचे पाच. पोरीच्या अंगात पारूबाईच्या तिप्पट ताकद. मग पिवळा हिचाच कसा?

तिनं फोनवर ऋतुजाचं पान उघडलं. तळ निश्चित केल्याची तारीख ज्येष्ठातली होती. नव्या नवरीला घरोघर जेवायला बोलावतात, ते दिवस. मग पारूबाईचं पान उघडलं. तळ निश्चित, गेला दसरा. तिसरीचं उघडलं. गेला दसरा. तिनं स्वतःचं उघडलं. गेला दसरा.

प्रणिता पायरीवर बसली. कडं चुकलं नव्हतं. त्याला जे दाखवलं ते ते शिकलं होतं. नऊ दिवस उपाशी, मिठावाचून सुकलेल्या, उठताना गरगरणाऱ्या दोनशे बारा बायका त्याला दाखवल्या होत्या, आणि या ठणठणीत आहेत असं प्रणितानं स्वतःच्या बोटानं त्याला सांगितलं होतं. पोरीचा मणी तेवढा खरं बोलत होता. बाकीच्या गावाची खालची रेघ उपाशी माणसाची होती. तिथवर खाली गेलेली बाई कड्याच्या लेखी रोजच्यासारखीच होती. वैशाखात परत पाठवलेल्या त्या दोघी तिला आठवल्या.

मग तिला ते मीठ आठवलं, आणि ती धावत सुटली.

वैजयंता माजघरात घोंगडीवर पडली होती. सकाळपासून तीन उलट्या झाल्या, असं सासूनं सांगितलं, पित्त असेल म्हणाली. ओठ सुकलेले, बोलणं जड. प्रणितानं तिचं मनगट उचललं. मणी हिरवा होता. तिनं चुलीपाशी जाऊन तांब्याभर पाण्यात मूठभर साखर आणि चिमटीनं मीठ घातलं, तशी सासू आडवी आली. पाच माळा झाल्यात, आता उपास मोडला तर आई कोपेल, म्हणाली.

"कोपली तर माझ्यावर कोपू दे, आत्या. मीठ मीच काढून घेतलं होतं."

सासूला काही उमगलं नाही, पण ती बाजूला झाली. प्रणितानं अक्काचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. अर्धं पोटात राहिलं, अर्धं बाहेर आलं. वैजयंता मधेच पुटपुटली, उपास मोडला का गं माझा? प्रणिताच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडत होतं.

रुग्णवाहिकेला फोन केला तर आधी कड्याचा क्रमांक मागितला, आणि मणी हिरवा असल्यामुळे विनंती नोंदवता येत नाही, असं एका गोड आवाजानं सांगितलं. ऋतुजा प्रणिताच्या मागोमाग धावत आली होती. ती दारातूनच म्हणाली, "वहिनी, माझी तीनची वेळ आहे ना? ती तुम्ही घ्या. दार माझ्या हातानं उघडेल."

ऋतुजाच्या नवऱ्यानं गाडी काढली. तात्या शेतावरून चिखलाच्या पायांनी आला आणि पुढं बसला. मागं वळून तो सारखा बायकोच्या मनगटाकडे बघत होता.

रुग्णालयाच्या दारानं ऋतुजाचं कडं ओळखलं आणि वाट दिली. तात्यानं आणि प्रणितानं वैजयंताला उचलून तिच्या मागोमाग आत नेलं. डॉक्टर नदाफ तिशीतला, सभ्य, दमलेला माणूस होता. पडदा बघून त्यानं ऋतुजाला उपास सोडून जेवायला सांगितलं आणि पुढचं नाव घ्यायला लागला. प्रणितानं वैजयंताला त्याच्या समोरच्या खुर्चीत बसवलं.

"यांची वेळ नाहीये," तो म्हणाला. मग कडं बघून, "मणी हिरवा आहे, बाई. यांचं पान उघडणारही नाही."

"तो माझ्यामुळं हिरवा आहे, डॉक्टर."

तिनं एका दमात सगळं सांगितलं. पितरांचा पंधरवडा, पहिली माळ, अळणी उपास, सहावा प्रश्न. सोप्यात लावलेलं प्रशस्तिपत्रसुद्धा तिनं सांगून टाकलं. नदाफ ऐकत राहिला. मग तिनं वैजयंताचा तळहात उलगडून त्याच्यापुढं धरला. "पडदा राहू दे. हा हात बघा. ही बाई चार महिने मीठ खातीय, पोरं गोळ्या खातात तशी."

मीठ म्हटल्यावर तो पुढं झुकला. तळहाताच्या रेघा काळ्या झाल्या होत्या, शाईनं ओढल्यासारख्या. त्यानं तिचा ओठ खाली ओढून हिरडी पाहिली, तीही काळसर. कपाटाच्या तळातून त्यानं रक्तदाब मोजायचं जुनं हातपंपाचं यंत्र काढलं, त्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला. दोनदा मोजलं. मग तो उठला आणि त्यानं परिचारिकेला मोठ्यानं हाक मारली.

पुढच्या अर्ध्या तासात दोन्ही हातांत सुया गेल्या. एकीतून मिठाचं पाणी, दुसरीतून औषध. त्या धावपळीत प्रणिताचा फोन वाजला. वैजयंताचा मणी अखेर पिवळा झाला होता. तिला परवा सकाळी अकराची वेळ मिळाली होती.

नदाफनं नंतर बाकावर बसून समजावलं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्या रसामुळं शरीरात मीठ टिकून राहतं, दाब आणि साखर सांभाळली जाते. वैजयंताच्या त्या ग्रंथी सुकत चालल्या होत्या. लहानपणी क्षय झाला होता का? झाला होता, तात्या म्हणाला. मग त्यानंच पोखरलं असेल. मीठ अंगात ठरत नव्हतं, म्हणून अंग ते मागत होतं. "खरं सांगायचं तर," डॉक्टर म्हणाला, "त्या मिठानंच त्यांना नवरात्रापर्यंत आणलं."

तात्यानं विचारलं, वाचेल का. वाचेल, पण रोज गोळी, जन्मभर. आणि उपास कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी वैजयंता उशीला टेकून बसली. डोळ्यांत ओळख परत आली होती. नदाफनं नव्या कागदावर, हातानं, तिची हकीकत लिहून घेतली. केव्हापासून होतंय? आषाढापासून. मग सांगितलं का नाही कुणाला?

"सांगितलं की," ती म्हणाली. तिनं कुणाकडेच बघितलं नाही. "पर मणी हिरवाच दिसायचा. मग मला वाटाय लागलं, मीच खोटं बोलती."

तात्या उठून बाहेर गेला. प्रणितानं तिचा काळवंडलेला हात हातात घेतला आणि माफी मागितली, मिठाची आणि त्याआधीच्या सगळ्याची. वैजयंता म्हणाली, तुझाबी मणी हिरवाच हाय की गं, तू काय करणार. प्रणिताला वाटलं, त्यापेक्षा हिनं दोन शिव्या द्यायला हव्या होत्या.

प्रणितानं अहवाल स्वतःच्या नावानं पाठवला, चूक कुणाची ते पहिल्याच ओळीत लिहून. वरून उत्तर आलं की सर्व कडी काढावीत, लाभार्थींनी पंधरा दिवस पोटभर जेवावं आणि मग नव्यानं नऊ दिवस तळ घ्यावा. तोवर बांबरवाडीच्या बायकांना बिनकड्याचं तपासलं जाईल. प्रशस्तिपत्राबद्दल त्यात काही नव्हतं. ते तिनंच उतरवलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती कडी गोळा करायला घरोघर फिरली. वैशाखात परत आलेल्या दोघींना तिनं सर्वांत आधी नदाफकडे नेऊन पोचवलं. एकीला काही निघालं नाही. दुसरीला निघालं, आणि तिला मोठ्या गावच्या दवाखान्यात हलवलं. आता ती दर घरात एकच प्रश्न विचारी, तुम्हाला कसं वाटतंय? बायका चांगल्या बोलक्या, गावभरच्या चौकशा करणाऱ्या. पण हा प्रश्न आला की प्रत्येक जण आधी मनगट फिरवून मणी बघायची, आणि मग सांगायची, बरं हाय. तो बघू नका, तुमचं तुम्ही सांगा, असं म्हटलं तर गोंधळून गप्प व्हायच्या. पारूबाई तर रागावली. "मला काय ठावं? मी काय डाक्टर हाय?"

कोजागरीच्या दुपारी वैजयंता घरी आली. तात्यानं तिला हात धरून सोप्यात बसवलं. सासूनं तिच्यापुढं ताट ठेवलं आणि मिठाची वाटी ताटाजवळ सरकवली. वैजयंतानं चवीनं दोन घास खाल्ले. मग तिची नजर समोर उभ्या प्रणितावर गेली आणि तिथंच थांबली. गेले दहा दिवस दवाखाना, घर आणि गाव करून प्रणिता निम्मी झाली होती.

"उतरलीस गं पार," ती म्हणाली. "तुला बरं हाय ना?"

प्रणितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डावा हात आपसूक वर आला. कडं तिनं आदल्या दिवशी काढून ठेवलं होतं. मनगटावर नुसता पांढरा पट्टा होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. वैजयंता घास हातात धरून तिच्या उत्तराची वाट बघत होती.